आळशी डोळा, पॅच आणि दोन वर्षांचं मूल

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकच ओळ असते: उजव्या डोळ्याला पॅच (चांगला डोळा झाकणारी चिकटपट्टी), रोज दोन तास. ती पाळायची असते दीड-दोन वर्षांच्या मुलाकडून. 'तुझ्याच भल्याचं आहे' हे त्याला अजून कळत नाही, आणि चिकटलेली कुठलीही वस्तू नखाने सोलून काढणं मात्र त्याला छान जमतं. घरात पहिले आठ-पंधरा दिवस जी रडारड होते ती इथूनच. ती कमी करायची तर त्या ओळीमागचं कारण आधी नीट समजलेलं बरं. कारण समजलं की कुठे ताणायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हे आपोआप ठरत जातं.

डोळा ठीक दिसतो, मग कमी का दिसतं?

पाहण्याचं निम्मं काम डोळा करतो, उरलेलं मेंदू. जन्मानंतरची काही वर्षं मेंदू पाहायला शिकत असतो आणि त्यासाठी दोन्ही डोळ्यांकडून सतत स्पष्ट चित्र यावं लागतं. एका डोळ्याकडून धूसर, किंवा दुसऱ्याशी न जुळणारं चित्र येत राहिलं की मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. काही काळाने त्या डोळ्याला योग्य चष्मा लावला तरी दिसणं लगेच पूर्ण सुधारत नाही, कारण दोष आता मेंदूच्या सवयीत असतो. वैद्यकात याला अँब्लिओपिया म्हणतात, बोलण्यात आळशी डोळा. शंभरातल्या साधारण दोन-तीन मुलांमध्ये तो आढळतो.

कारणं मुख्यतः तीन. दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असणं हे पहिलं. ते सगळ्यात फसवं, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. चांगल्या डोळ्याच्या जोरावर मूल धावतं, खेळतं, जमिनीवरचा कणसुद्धा उचलतं. दुसरं कारण तिरळेपणा. तिसरं म्हणजे चित्र आत शिरायलाच अडथळा असणं: जन्मजात मोतीबिंदू, किंवा बाहुली झाकेल इतकी खाली आलेली पापणी. हा तिसरा प्रकार सर्वांत कमी आढळतो, पण सर्वांत घाईचा तोच.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून हे मेंदूचं गणित उलगडलं. पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला, तर पुढे तो उघडूनही मेंदूतल्या फारच थोड्या पेशी त्याला प्रतिसाद देत. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असा परिणाम होत नसे. 1981च्या नोबेल पुरस्कारात या दोघांचा वाटा होता. पॅच लवकर सुरू करण्याचा आग्रह याच तत्त्वावर उभा आहे: चांगला डोळा काही तास झाकला की मेंदूला अधू डोळ्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि मेंदू लहान असेल तितका तो लवकर वळतो. सात वर्षांनंतर दार बंदच होतं असं मात्र नाही. मोठ्या मुलांतही फायदा होतो, फक्त जास्त तास घालावे लागतात आणि खात्री कमी असते.

म्हणजे मोजायचं काय, तर अधू डोळ्याने खरोखर पाहिलेले तास. पॅच चेहऱ्यावर आहे पण मूल झोपलेलं आहे, तर ते शून्य. पॅचच्या कडेतून चांगला डोळा डोकावतोय, तरीही शून्य. पुढचं सगळं याच हिशेबात तपासून पाहायचं.

आधी चष्मा

ज्या मुलाला नंबर आहे त्याला बहुतेक डॉक्टर आधी चष्मा देतात आणि काही आठवडे थांबतात. या वाट पाहण्याला अर्थ आहे. नंबरातल्या फरकामुळे डोळा आळशी झालेल्या, तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे पाव मुलांची अडचण नुसत्या चष्म्याने मिटली. बाकीच्यांपैकी अनेकांची दृष्टी सुधारली आणि पॅचचं काम हलकं झालं. चष्म्यामुळे होणारी सुधारणा चार महिन्यांपर्यंत चालू राहू शकते. काही डॉक्टर इतकं थांबत नाहीत, दोन-तीन आठवड्यांतच पॅच सुरू करतात. दोन्ही पद्धती चालतात. मुलाचं वय आणि दृष्टी किती कमी आहे, यावर ते ठरतं.

चूक होते ती पुढे. पॅच सुरू झाला की चष्मा बाजूला पडतो, कारण दोन्ही एकदम सांभाळणं अवघड जातं. पण अधू डोळ्यापुढे काच नसेल तर त्याला धूसरच दिसतं, आणि धूसर चित्रावर मेंदूला शिकवण्यासारखं काही नसतं. पॅच कातडीवर, चष्मा त्याच्यावर, असा क्रम. चष्मा नाकावरून घसरत असेल तर दुकानातून कानामागचा पट्टा आणि नाकाच्या गाद्या नीट बसवून घ्या. घसरलेल्या चष्म्याच्या वरून पाहणारं मूल चष्म्याविनाच पाहत असतं.

दोन तास की सहा?

तीन ते सात वर्षांच्या मुलांवर झालेले याविषयीचे दोन अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाले. मध्यम प्रमाणात आळशी डोळ्याला रोज दोन तास पॅच आणि सहा तास पॅच यांचा चार महिन्यांनंतरचा परिणाम जवळपास सारखा निघाला. गंभीर प्रकारात सहा तास आणि जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ, यांतही मोठा फरक दिसला नाही. तेव्हापासून तास बरेच कमी लिहून दिले जातात.

एका ब्रिटिश अभ्यासात पॅचलाच छोटं यंत्र जोडून तो खरोखर किती वेळ लावला जातो हे मोजलं. सांगितलेल्या वेळेच्या निम्म्याहूनही थोडा कमी वेळ तो सरासरी लावला जात होता. डोळे तपासायच्या तक्त्यावरची एक ओळ जास्त वाचता येण्याइतकी सुधारणा व्हायला सरासरी 120 तास लागतात, असा हिशेबही त्याच अभ्यासातून निघाला. रोजचे दोन तास पुरे झाले तर हे दोन महिन्यांत होतं. रोज एकच तास झाला तर चार. 'दोन महिने लावतोय, काहीच फरक नाही' अशी तक्रार असेल तर आधी खरे तास मोजावेत. भिंतीवर कागद लावून सुरू केल्याची आणि काढल्याची वेळ मिनिटांसकट लिहा. तपासणीला तोच कागद घेऊन जा, आणि त्यावर खोटं लिहू नका. कागदावर दोन तास आणि प्रत्यक्षात चाळीस मिनिटं असतील, तर डॉक्टर 'दोन तासांनी भागत नाही' असं समजून चार लिहून देतील.

दोन तास सलगच हवेत असं सहसा नसतं. सकाळी एक, संध्याकाळी एक चालतं. अर्ध्या तासाचे चार तुकडे करू नयेत, कारण लहान मुलाचा भांडणाचा वेळ बहुतेक लावतानाचाच असतो आणि तुम्ही तो दिवसातून चारदा ओढवून घेता.

दोन वर्षांखालच्या मुलांबाबत एक इशारा महत्त्वाचा. या वयात मेंदू झटपट बदलतो, आणि तो दोन्ही दिशांना बदलतो. झाकलेला चांगला डोळाच मागे पडू शकतो. म्हणून तास आपल्या मनाने वाढवू नयेत, आणि काल राहिलेले तास आज भरून काढायचे असतील तर विचारून काढावेत. दिवसभर पॅच सांगितला असेल तर जितक्या वर्षांचं मूल तितक्या आठवड्यांत तपासणी, असा जुना ठोकताळा आहे: एका वर्षाच्या बाळाची आठवड्यात, दोन वर्षांच्याची पंधरवड्यात. तपासणीची तारीख चुकली तर पुढच्या तारखेपर्यंत पॅच तसाच चालू ठेवू नका, फोन करून विचारा. एका डोळ्याच्या जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या तान्ह्या बाळांचं वेळापत्रक तर आणखी वेगळं: अशा बाळांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आठ महिन्यांपर्यंत वयाच्या दर महिन्याला रोज एक तास आणि त्यानंतर जागेपणीचा निम्मा वेळ पॅच सांगितलेला होता. शेजारच्या मुलाला दोन तास आणि आपल्याला पाच का, याचं उत्तर अशा फरकांत असतं.

लावायची पद्धत

सर्वांत भरवशाचा पॅच म्हणजे कातडीला चिकटणारा, अंडाकृती. त्याचं निमुळतं टोक नाकाकडे येतं, रुंद टोक कानाकडे. लहान चेहऱ्यासाठी छोटा आकार वेगळा मिळतो. मोठा घेतला तर तो भुवईवर चढतो आणि काढताना केस ओढले जातात.

चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा. त्या जागी तेल, क्रीम काही नको, नाहीतर कड सुटते. डोळा मिटलेला असताना आधी नाकाकडची कड बसवा, मग बाहेरच्या बाजूला नेत चिकटवा आणि शेवटी सगळ्या कडांवरून बोट फिरवा. नाकाच्या उतारावरची फट सर्वांत जास्त राहते, आणि मूल डोकावतं ते तिथूनच. पॅचखाली कापसाचा बोळा घालू नका. आत डोळ्याची उघडझाप झाली पाहिजे. उघड्या बुबुळाला कापूस घासला तर ओरखडा पडतो.

काळा, इलॅस्टिकचा पॅच या वयात उपयोगाचा नाही. तो सरकतो. चष्म्यावर चढवायचा कापडी पॅच कातडीला त्रास देत नाही, पण त्यासाठी चष्मा घट्ट बसलेला हवा आणि कापडाची बाजू गालापर्यंत पोचणारी हवी. मूल मान एका बाजूला वळवून किंवा हनुवटी वर-खाली करून पाहू लागलं तर ते बहुधा कडेने पाहतंय असं समजा. कापडी पॅच हा प्रकार शिस्त लागलेल्या, थोड्या मोठ्या मुलांसाठी राखून ठेवावा असं आमचं मत आहे.

घरात पॅच लावणारे दोन-तीन जण असतील तर कोणता डोळा झाकायचा हे डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. 'डॉक्टरांनी उजवा सांगितला' यात उजवा अधू की उजवा झाकायचा, हा गोंधळ हमखास होतो. झाकायचा तो नेहमी चांगला डोळा.

ओढून काढतं तेव्हा

मूल पॅच काढतं त्याला आपण हट्ट म्हणतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याला स्पष्ट दिसत होतं आणि अचानक दिसेनासं झालं. डोळा जितका अधू, तितका विरोध जास्त. म्हणून पहिले दिवस सर्वांत वाईट असतात, आणि दृष्टी थोडी सुधारली की विरोधही पुष्कळदा कमी होतो. पहिल्याच आठवड्यात हार मानणारे पालक अवघड भाग सोसून सोपा भाग सुरू व्हायच्या आत थांबतात.

वेळ घड्याळाला न बांधता दिनक्रमाला बांधा: न्याहारी झाली की पॅच, आंघोळीला काढायचा. दोन वर्षांच्या मुलाला दहा वाजले म्हणजे काय ते कळत नाही, पण न्याहारीनंतर काय येतं ते कळतं. भुकेच्या आणि झोपेच्या वेळी लावू नका. पॅच लागला त्या क्षणाला हातात खेळ आला पाहिजे, तो शोधायला तुम्ही उठलात की तेवढ्यात पॅच जमिनीवर. त्यासाठी एक वेगळी पेटी ठेवा, जी फक्त पॅच असतानाच उघडते. पॅच निघाला की पेटी बंद, न रागावता.

निघाला तर पुन्हा लावायचा, चेहरा निर्विकार ठेवून, जास्त न बोलता. ओरडणं, विनवणी, हसणं यातलं काहीही मिळालं की मुलाला तो एक खेळ सापडतो. दहादा काढला तर दहादा लावायचा. अकराव्यांदा आपण सोडून दिलं, तर अकरा वेळा काढलं की सुटका होते हे ते शिकतं. अगदीच हाताबाहेर गेलं तर त्या दिवसापुरतं ध्येय लहान करा, पण शेवट तुमच्या हाताने व्हायला हवा: आणखी पाच मिनिटं टिकवून, मग तुम्ही काढायचा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी तीस, असं चढवत आठवड्याभरात पूर्ण वेळेवर येणं बहुतेक डॉक्टरांना चालतं. आधी विचारून घ्या.

पॅच लावून घेतल्याबद्दल बक्षीस देऊ नका, टिकवल्याबद्दल द्या, आणि लगेच द्या. 'रविवारी बागेत नेईन' हे या वयात बक्षीसच नव्हे. बाहुलीला, अस्वलाला, आजीला, सगळ्यांना पॅच लावणं कामी येतं. पॅचवर चित्र चिकटवू देणंही. 'तुझा डोळा खराब आहे' असं मुलाच्या देखत म्हणू नका, पाहुण्यांनाही म्हणू देऊ नका.

वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेतच पॅच लावता येतो; उठल्यापासूनचा वेळ धरायचा. हातांवर मोजे चढवूनही काही बाळं ऐकत नाहीत. तेव्हा डॉक्टर कधी कधी कोपर वाकू न देणाऱ्या मऊ बाह्या सुचवतात. त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, नजरेसमोर असताना आणि थोड्या वेळासाठी वापराव्यात. बाळ झोपलं की लगेच काढाव्यात.

पॅच असताना काय करायचं?

बारीक काम केलं तरच फायदा, असा समज आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅच लावून जवळचं काम करणारी आणि दूरचं पाहणारी मुलं यांच्या सुधारणेत फरक दिसला नाही. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाला जबरदस्तीने मणी ओवायला बसवू नका. चित्रांची पुस्तकं, मोठे ठोकळे, चिकटचित्रं, रेघोट्या, चेंडू, ज्यात ते रमेल ते चांगलं. स्क्रीनवर मूल खिळून बसतं म्हणून वेळ भरायला ती सोपी वाटते; अवघड दिवशी थोडी वापरली तर पालकांना दोष देऊ नये, पण रोजचा आधार ती नसावी. चष्म्यासारखं उपकरण लावून दोन डोळ्यांना वेगळी चित्रं दाखवणाऱ्या एका उपचाराला अमेरिकेत 2021 साली मान्यता मिळाली. ती तेव्हा चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी होती, रांगत्या-धावत्या वयासाठी नाही.

सुरुवातीला मूल दाराच्या चौकटीला धडकेल, पायरीचा अंदाज चुकेल. जिन्याला फाटक लावा, टोकदार कोपरे झाका. बाहेर असाल तर पॅचच्या बाजूला तुम्ही चाला, कारण त्या बाजूचं त्याला दिसत नाही. पाण्यात खेळताना आणि घसरगुंडीवर पॅच नको.

कातडी

पॅच खस्सकन ओढला की कातडी लाल होते, दुसऱ्या दिवशी ती दुखते आणि मूल पॅच पाहूनच रडतं. कोमट पाण्याने भिजवलेला फडका कडांवर मिनिटभर धरा. मग एका हाताने कातडी दाबून दुसऱ्याने पॅच बाहेरच्या कडेकडून हळूहळू, चेहऱ्याला समांतर ओढा. आंघोळीच्या वेळी काढला तर हे काम पाणीच करतं. फार घट्ट चिकटत असेल तर लावण्याआधी एकदा आपल्या कपड्यावर चिकटवून काढा, गोंद सौम्य होतो. काढल्यावर मलम लावायचं ते रात्री, म्हणजे सकाळपर्यंत कातडी कोरडी राहते.

रोज तीच जागा झिजू नये म्हणून पॅच थोडा तिरका करून लावा किंवा दुसऱ्या कंपनीचा घेऊन पाहा. गोंद वेगवेगळे असतात. पॅचच्या आकाराचाच, ठळक कडांचा, खाजणारा चट्टा उठला तर ती ॲलर्जी असू शकते. कातडी सोलवटली असेल तर एक-दोन दिवस थांबा, त्या दिवसांत चष्म्यावरचा कापडी पॅच वापरा, आणि डॉक्टरांना कळवा.

काही केल्या पॅच टिकत नसेल तर

चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून त्याचं जवळचं दिसणं धूसर करणं हा दुसरा मार्ग. तीन ते सात वर्षांच्या मुलांत सहा महिन्यांनंतरचा परिणाम पॅचसारखाच निघाला आहे. पॅचने सुरुवातीची सुधारणा जरा लवकर होते एवढंच. मध्यम प्रकारात फक्त शनिवार-रविवारी थेंब घालूनही भागतं. बाहुली काही दिवस मोठी राहते, म्हणून उन्हात टोपी हवी. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध घशात कमी उतरतं, आणि मग आपले हात धुवा. चेहरा लाल, अंग गरम, तोंड कोरडं, छातीची धडधड, चिडचिड असं काही दिसलं तर थेंब बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा. ही बाटली पोटात गेली तर जीवघेणी ठरू शकते, कुलपात ठेवा. अगदी लहान बाळांत डॉक्टर हे औषध फार जपून देतात.

घाबरण्यासारखं आणि न घाबरण्यासारखं

पॅचने तिरळेपणा सरळ होत नाही; तो दृष्टीचा उपचार आहे, तिरळेपणाचा निर्णय पुढे वेगळा होतो. काही आठवड्यांनी कधी डावा तर कधी उजवा डोळा तिरपा दिसू लागला तर पालक हादरतात. बरेचदा ती चांगली खूण असते: अधू डोळा आता स्वतः रोखून पाहू लागलाय, म्हणून दुसरा बाजूला जातोय. तरी तपासणीत सांगा, कारण नेहमी चांगला असलेला डोळाच सतत तिरपा राहू लागला तर तो मागे पडतोय का हे पाहावं लागतं. पॅच लावताच उघडा डोळा थरथरू लागला तर तेही कळवा.

बाहुलीत पांढरी झाक दिसली, फोटोत एकाच डोळ्याची बाहुली वारंवार पांढरी आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठ असू शकते. आणि तास नीट भरूनही लागोपाठच्या दोन तपासण्यांत काहीच हाललं नाही, तर चष्म्याचा नंबर औषध घालून पुन्हा तपासावा लागतो, दृष्टिपटल आणि नस पुन्हा पाहावी लागते. तास वाढवणं ही त्यानंतरची गोष्ट.

दृष्टी बरोबरीला आली की पॅच एकदम बंद करू नका. उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षात साधारण चारातल्या एका मुलाचा डोळा पुन्हा मागे घसरतो. रोज सहा ते आठ तास लावणाऱ्या ज्या मुलांचा पॅच एकदम थांबला त्यांच्यात हे प्रमाण 42 टक्के होतं. आधी दोन तासांवर आणून मग थांबवलेल्यांत 14 टक्के. कमी करण्याचा क्रम डॉक्टरांकडून लिहून घ्या, चष्मा पूर्वीसारखाच चालू ठेवा, आणि पॅच सुटल्यावर पुढचं वर्षभर तपासण्यांच्या तारखा आधीच ठरवून घ्या. घसरण लवकर सापडली तर पॅच पुन्हा सुरू करून ती बहुधा भरून निघते.